हरणाच्या खिम्यात शिशाचे कण: फ्रीझरमधल्या मांसाचं काय करायचं, आणि पुढच्या हंगामाला कोणती गोळी?

मिनेसोटाकर:
नोव्हेंबरच्या हंगामातलं व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं हरण) फ्रीझरमध्ये आहे. रायफल .308, गोळी 150 ग्रेन वजनाची साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली), अंतर 80 यार्ड. गोळी एका खांद्यातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडली. प्रोसेसरकडून (हरण कापून देणाऱ्या खाटकाकडून) 12 किलो खिमा आला, शिवाय बॅकस्ट्रॅप (पाठीच्या कण्यालगतचं मांस) आणि मागच्या तंगड्या. घरात चार वर्षांची मुलगी आहे. खिमा धुऊन घेतला तर चालेल का? दाताखाली काहीच येत नाही, मग कण आहेत की नाहीत हे कळायचं कसं? आणि तांब्याची गोळी याच रायफलला चालेल का?

रानवाट:
आधी खिम्याचं. मुलीला तो देऊ नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिलाही नाही. धुण्याने काम होत नाही, उलट बिघडतं. तुमच्याच मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने 2008 मध्ये मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून एक्स-रे काढले होते. जखम पाण्याने धुतल्यावर शिसं निघून न जाता आणखी पसरलेलं दिसलं. झटकन फुलणाऱ्या (आदळल्यावर टोक पसरणाऱ्या) गोळ्यांचे एका मेंढीत सरासरी 141 तुकडे मोजले गेले, आणि काही तुकडे जखमेपासून फूटभराच्या आसपास लांब गेलेले होते. आपण साफ करताना सहसा चार बोटं कापतो, तेव्हा हिशेब करा.

दाताखाली येणारा तुकडा मोठा असतो, तो थुंकून टाकता येतो. त्रास देतात ते धुळीएवढे कण. हे बोटाला लागत नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत. भिंतीतली वायर शोधायचं मेटल डिटेक्टरही इथे कामाचं नाही. दिसतात ते एक्स-रेत. वायोमिंगमध्ये शिकार झालेल्या 30 हरणांच्या खिम्याची 234 पाकिटं तपासली, त्यातल्या 32 टक्क्यांमध्ये धातूचे कण निघाले. हरणांच्या हिशेबाने पाहिलं तर 80 टक्के हरणांच्या निदान एका पाकिटात. ते मांस डुकरांना खाऊ घातल्यावर त्यांच्या रक्तातलं शिसं वाढलं, म्हणजे कण नुसते पोटातून पुढे जात नाहीत, विरघळतातही.

घाबरून सगळं फेकू नका. छातीतून आरपार गेलेल्या गोळीपासून मागच्या तंगड्या बऱ्याच लांब असतात, त्या ठेवा. बॅकस्ट्रॅपचा खांद्याकडचा वीतभर भाग कापून टाका. खिमा मात्र बहुतेक खांदे, मान आणि बरगड्यांवरच्या मांसाचाच असतो, आणि तुमच्या गोळीने दोन्ही खांद्यांची हाडं फोडली असणार. हाड लागलं की गोळीचा भुगा जास्त होतो. 80 यार्डांवर वेगही भरपूर असतो, त्याने भर पडते.

मुलीने आधीच खाल्लं असेल तर रक्ततपासणी करून घ्या. मुलांसाठी सीडीसीची (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेची) संदर्भ पातळी 2021 पासून डेसिलिटरला 3.5 मायक्रोग्रॅम आहे.

एकास_दहा:
गोळीचं मी सांगतो. .308 ला सहसा 1:10 किंवा 1:12 ट्विस्ट असतो (नळीतल्या खाचांचा पीळ, 10 किंवा 12 इंचांत एक फेरा), तांब्याला दोन्ही चालतात, फक्त वजन उतरवा. तांब्याची घनता 8.96, शिशाची 11.34. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि संथ ट्विस्टमध्ये नीट स्थिरावत नाही. 150 च्या जागी 130 ग्रेन घ्या. हलकी असल्याने वेगात जाते आणि वजन जवळजवळ सगळं टिकवते, म्हणून हरणाला पुरून उरते.

तांब्याची गोळी फुलायला वेग लागतो. आदळताना सुमारे 2000 फूट प्रति सेकंदाच्या खाली गेली तर काही गोळ्या पेन्सिलीसारख्या आरपार जातात आणि हरण लांब पळतं. मिनेसोटाच्या रानातल्या अंतरांना ही अडचण येत नाही, 300 यार्डांपुढे मात्र डब्यावरचा वेगाचा तक्ता बघा. प्लास्टिकचं टोक असलेली घेतलीत तर फुलण्याची खात्री वाढते.

नळी आधी कॉपर सॉल्व्हंटने पार स्वच्छ करा. जुन्या गोळ्यांच्या जॅकेटच्या (वरच्या तांब्याच्या कवचाच्या) नळीत साचलेल्या थरावर नवीन गोळी झाडली की नेम विखुरतो, आणि लोक गोळीला नावं ठेवतात. मग 100 यार्डांवर तीन-तीनचे दोन-तीन गट मारून झीरो (दुर्बिणीचा नेम) नव्याने बसवा. एकाच लॉटचे (एकाच वेळी बनवलेल्या मालाचे) दोन डबे एकदमच घ्या. स्वतः काडतुसं भरत असाल तर शिशाच्या गोळीचं पावडरचं माप वापरू नका, तांब्यासाठीचं वेगळं माप बघा. तांब्याच्या गोळ्या बनवणारी बार्न्स कंपनी तर गोळी रायफलिंगपासून (नळीतल्या खाचा सुरू होतात तिथपासून) 0.050 इंच मागे ठेवून सुरुवात करायला सांगते.

मिनेसोटाकर:
धन्यवाद दोघांनाही. दुकानात ‘कॉपर जॅकेट’ लिहिलेलं स्वस्त मिळतं, ते चालेल? आणि बॉन्डेड?

एकास_दहा:
नाही. जॅकेट म्हणजे वरचं तांब्याचं कवच, आत शिसंच. ‘कॉपर प्लेटेड’चंही तेच. डब्यावर ‘लेड-फ्री’ किंवा ‘सॉलिड कॉपर’ हवं. बॉन्डेड गोळी (जॅकेटला आतलं शिसं घट्ट जोडलेली) 90 टक्क्यांच्या वर वजन टिकवते, पण 150 ग्रेन म्हणजे 9.7 ग्रॅम. त्यातले 5 टक्के गेले तरी अर्धा ग्रॅम मांसात, आणि तो बारीक कणांच्या रूपात. किमतीचं म्हणाल तर तांबं महाग आहे खरं, पण झीरोला दहा-बारा आणि हरणाला एक-दोन, एका हंगामाला 20 चा एक डबा पुरतो.

रानवाट:
आपल्या स्वयंपाकाचा एक मुद्दा राहिला. दही, लिंबू, चिंच, व्हिनेगर लावून मांस रात्रभर मुरवलं की आंबटपणात शिसं विरघळतं, मग कण बाजूला काढूनही उपयोग नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक का ठेवत नाहीत, तेच कारण. शिशाच्या गोळीचं मांस असेल तर सुकं, बिनआंबटाचं करा, आणि तेही तंगडीचंच.

पुढच्या वेळी प्रोसेसरला आधी विचारा की खिमा एकाच जनावराचा करतो का. बरेच जण चार-पाच गिऱ्हाइकांची हरणं एकत्र दळतात, मग तुम्ही तांबं वापरून दुसऱ्याचं शिसं घरी आणाल. शंका असेल तर खिमा घरीच करा. नेम खांद्यावर न धरता त्याच्या मागे बरगड्यांत धरा. रक्त साकळलेलं मांस कुत्र्यालाही घालू नका. शिशाची गोळी वापरली असेल तर आतडी-फुप्फुसं पुरून टाका, उघड्यावर राहिली की बाल्ड ईगल खातात आणि शिशाने मरतात. कॅलिफोर्नियात कॉन्डॉर गिधाडांच्या याच प्रश्नावरून सुरुवात झाली आणि 1 जुलै 2019 पासून सगळ्या शिकारीत शिशाची गोळी बंद झाली.

एकास_दहा:
ससा-खारीसाठी .22 वापरत असाल तर तिथेही बिनशिशाची मिळते, 21 ग्रेनची. हलकी असल्याने 50 यार्डांपुढे तिच्यावर भरवसा ठेवू नका, आणि तुमच्या नळीला ती मानवते का हे आधी कागदावर बघा.