'प्लँटेशन'ला मराठीत काय म्हणावं: मळा, लागवड की वसाहत?

प्रश्न:
रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचे सुरुवातीचे सभासद आणि इंग्रजांचा समुद्रापार झालेला विस्तार यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल १६६० साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने नेमलेल्या 'कौन्सिल फॉर फॉरिन प्लँटेशन्स'चा सदस्य होता. मी 'परदेशी मळ्यांची समिती' असं लिहिलं. भूगोलाच्या पुस्तकात 'मळ्याची शेती' असंच शिकलो आपण. पण वाचताना खटकतंय. हवेचा दाब मोजणारा माणूस मळ्यांच्या समितीत काय करत होता?

उत्तर:
बरोबर खटकलं. इथे मळा नाहीच. त्या काळच्या इंग्रजीत प्लँटेशन म्हणजे रोपं लावणं जसं, तसंच माणसं नेऊन लावणं. १६०९ पासून आयर्लंडमध्ये अल्स्टरचं प्लँटेशन सुरू झालं, त्यात जप्त केलेल्या जमिनींवर इंग्लंड-स्कॉटलंडची कुटुंबं आणून बसवली. तिथे 'अल्स्टरचा मळा' म्हटलं तर सगळा अर्थच गेला. तुमच्या वाक्यात 'परदेशी वसाहतींची समिती' म्हणा.

बॉइल तिथे काय करत होता, हा प्रश्न मात्र लेखातून गाळू नका. त्याच १६६० मध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली. सहा वर्षांनी तिच्या नियतकालिकात बॉइलने दूरच्या मुलखांत जाणाऱ्यांसाठी एक प्रश्नावलीच छापली: तिथली हवा कशी, पाणी कसं, माती कशी, खनिजं कोणती, माणसं कशी. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावरही होता. माहिती आणणारी जहाजं आणि माणसं वाहणारी जहाजं वेगळी नव्हती.

प्रश्न:
'वसाहत' लिहिलं, पण तेही मवाळ वाटतं. आपल्याकडे पोलीस वसाहत असते, औद्योगिक वसाहत असते.

उत्तर:
हे खरं आहे. 'वसणे'पासून आलेले आपले शब्द मायेचे आहेत. पेठ वसवली, गाव वसलं. उजाड गावाला कौल (अभयाचं लेखी वचन) देऊन रयत परत आणायची, त्याला जुन्या कागदांत 'कीर्द-मामुरी' म्हणत: जमिनीची लागवड आणि वस्ती दोन्ही एकाच जोडशब्दात. प्लँटेशनच्या अगदी जवळचा आहे हा शब्द, मला फार आवडतो. तरी इथे वापरू नका. कीर्द-मामुरीत गेलेली माणसं परत यायची. अल्स्टरमध्ये होती त्यांना हटवून दुसरी आणली.

इंग्लिश तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला हा फरक दिसला होता. प्लँटेशनवरच्या १६२५ सालच्या निबंधात तो म्हणतो की दुसऱ्यांना उपटून केलेली लावणी ही लावणी नव्हे, ते निर्मूलन. त्याचा सगळा खेळ लावणे-उपटणे या क्रियापदांवर आहे. तिथे 'वसाहत' घातलं की तो खेळ मरतो. आपल्याकडे भाताची लावणी आहे, जमिनीची लावणी आहे, म्हणून बेकनपुरतं मी 'माणसांची लावणी' असं धीटपणे लिहीन. (हाच बेकन १६१० च्या न्यूफाउंडलंड वसवणाऱ्या कंपनीत भागीदार होता, हेही एका ओळीत सांगा.)

विल्यम पेटी तुमच्या लेखात असेलच. शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक, रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याने १६५५-५६ मध्ये आयर्लंडच्या जप्त जमिनी मोजल्या, सैनिकांना आणि युद्धाला पैसे पुरवणाऱ्यांना वाटण्यासाठी. त्या कामाचं नाव 'डाउन सर्वे'. 'खालची पाहणी' असं भाषांतर करू नका. मोजलेलं नकाशावर खाली मांडत गेले म्हणून डाउन. मराठीत 'कागदावर उतरवलेली मोजणी' म्हटलं की झालं; 'उतरवणे'मध्ये तो 'डाउन' आपोआप येतो.

प्रश्न:
शेवटच्या भागात हॅन्स स्लोन आहे, जमैकाला गेलेला. तिथेही वसाहतच?

उत्तर:
नाही, तिथे शब्द बदला. बार्बाडोसमध्ये १६४० च्या दशकात ऊस आला आणि प्लँटेशनचा अर्थ पालटत गेला: गुलामांच्या श्रमावर चालणारी मोठी ऊसशेती, सोबत चरक आणि रस उकळायची भट्टीघरं. स्लोन १६८७ मध्ये गव्हर्नरचा डॉक्टर म्हणून जमैकाला गेला, सुमारे ८०० वनस्पतींचे नमुने घेऊन १६८९ मध्ये परतला. पुढे त्याने लग्न केलं ते जमैकातल्या एका प्लँटरच्या विधवेशी, आणि त्या ऊसशेतीचं उत्पन्न त्याच्या घरात येत राहिलं. ब्रिटिश म्युझियम ज्या संग्रहावर उभं राहिलं, तो याचाच.

इथे 'मळा' मला सहन होत नाही. मळा म्हटलं की मोटेचं पाणी, वांगी-मिरची, घरची माणसं डोळ्यांपुढे येतात. जमैकात चाबूक होता. 'प्लँटेशन' तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला 'गुलामांच्या श्रमावरची ऊसशेती' असं उलगडून सांगा. 'प्लँटर'ही तसाच: अल्स्टरमधला तो वसाहतकार, जमैकातला प्लँटेशनचा मालक.

दुसऱ्या अर्थाने पहिला किती गिळला ते पाहायचं असेल तर अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड घ्या. त्याच्या अधिकृत नावात 'प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' होतं. १६३६ साली वसलेल्या प्रॉव्हिडन्सच्या संदर्भात त्याचा अर्थ वस्ती एवढाच. तरी वाचणाऱ्याला त्यात गुलामीच दिसे, म्हणून २०२० मध्ये मतदारांनी ते शब्द नावातून काढले.

आणि स्लोनच्या जमैकावरच्या ग्रंथाच्या नावातल्या 'नॅचरल हिस्टरी'चा 'नैसर्गिक इतिहास' करू नका. ग्रीक 'हिस्तोरिया' म्हणजे चौकशी. 'जमैकाचं सृष्टिवर्णन' म्हणा.