कानबाईचे रोट तुमच्या घरी कसे होतात? (अनुभव धागा)

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे खान्देशात कानबाई ही कुळाची देवी बसते आणि सोमवारी तिला निरोप. दिवाळीला न फिरकणारा माणूसही रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांना, गाव गाठतो. खान्देशातले भाऊबंद या सणानेच एकत्र धरून ठेवले आहेत, असं माझं ठाम मत. पण एका गावात राहून दोन कुळांच्या रीती जुळत नाहीत. म्हणून तुमच्या घरात प्रत्यक्ष काय होतं ते लिहा, ऐकीव नको.

सुरुवात माझ्यापासून. अमळनेर तालुक्यातलं आमचं घर. थोरल्या काकू सूप पुढ्यात घेऊन बसतात आणि कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत सव्वा मूठ गहू टाकतात. आधी भरली मूठ, मग चिमटीने वरचा पाव. तशीच चण्याची डाळ. तेच दळून रोट होतात. नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, पाळण्यातल्या बाळासकट. बांधावरून कोर्टात गेलेल्या दोन चुलत्यांचे गहूही त्याच सुपात पडतात आणि दोघं एका पंगतीला बसतात. त्या दिवशी बांधाचा विषय कुणी काढत नाही.

शिरपूरहून : आमची कानबाई म्हणजे आजेसासूबाईंच्याही आधीपासून चालत आलेलं नारळ. शनिवारी रात्री सासूबाई पेटीतून काढतात, पुसतात, चांदीचे डोळे बसवतात, नथ घालतात. नथीचा फासा सैल झालाय, म्हणून दोऱ्याने आवळून बांधावा लागतो. ते काम त्या दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. रविवारी रात्रभर गाणी, फुगड्या. सोमवारी वाजतगाजत नदीवर जायचं, आंघोळ घालायची आणि नारळ परत घरी आणायचं.

उधना, सुरत : यंत्रमागावर काम करतो. श्रावण लागला की घरी फोन, "यंदा रोट कोना घर शेतस?" (कोणाच्या घरी आहेत?) सुटी मिळाली तर गाडीत उभ्याने येतो. नाही मिळाली तर भाऊ रोटांचं पीठ पाठवतो. पौर्णिमेच्या आत ते संपवायचं असतं, म्हणून खोलीवर रोज त्याच्याच पोळ्या. सोबतचे कारागीर दुसऱ्या कुळांचे, त्यांना देता येत नाही. एरवी आम्ही एका ताटात जेवतो, त्यामुळे ते आठ दिवस मनाला लागतात.

चाळीसगाव : पुरणपोळी, खीर, कटाची आमटी हे सगळीकडे असेल. आमच्याकडे गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी नसेल तर नैवेद्य दाखवत नाहीत.

धुळे, माहेर सातारा : लग्नाआधी कानबाईचं नावही ऐकलं नव्हतं. रोट कुळाबाहेर जात नाहीत हे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नणंद शेजारच्याच गल्लीत राहते. कानबाईला हात जोडायला आली, गाणी म्हटली, पण तिच्यासाठी वेगळ्या कणकेच्या पोळ्या झाल्या. ती लहानपणापासून याच जात्याशी बसलेली आणि मी काल आलेली. तरी रोट मला. मला हे अजून पटलेलं नाही, आणि सासूबाईंनाही ते ठाऊक आहे.

जळगाव : वरच्या ताईंना सांगते, आमच्याकडेही हेच होतं. आम्हाला दोघी मुलीच. सूप भरताना यांच्या नावानंतर हात थांबायचा. एका वर्षी आजेसासऱ्यांनीच सांगितलं, पोरींच्या मुठी टाका, घरात खाणारी तोंडं आहेत ती. भाऊबंदांत कुरकुर झाली, एका घराने तर आमच्याकडे जेवायचं टाळलं. पण म्हाताऱ्याचा शब्द होता. आता आणखी दोन घरं मुलींची नावं घेतात. लग्नानंतर त्या मुठीचं काय करायचं, हे मात्र आमच्याकडेही ठरलेलं नाही. थोरलीचं पुढच्या वर्षी लग्न आहे. कुणाच्या घरी लेकीची मूठ सासरी गेल्यावरही चालू असेल तर नक्की लिहा, मला घरात दाखवायचं आहे.