दिवाळी अंकांच्या सूचीची पानं बिल्डच्या वेळीच तयार करायची आहेत, काय वापरू?

पानचाळ्या:
नमस्कार मंडळी. मी आणि एक मित्र जुन्या दिवाळी अंकांची सूची करतोय. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून पुढे जे हाती लागेल ते: अंक, लेखक, कथा, लेख. रिॲक्ट (पानं दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी), व्हीट (बिल्ड, म्हणजे कोडमधून तयार फाइल्स काढणारं साधन) आणि रिॲक्ट राउटर ६ (कुठल्या पत्त्यावर कुठलं पान ते ठरवणारं) वापरलंय. माहिती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, ती साइटला आणून देणारा मध्ये एक छोटा एपीआय. सगळी मिळून साधारण ९ हजार पानं.

कोणत्याही पानाची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की प्रीव्ह्यूत फक्त साइटचं नाव येतं, लेखकाचं किंवा अंकाचं येत नाही. शिवाय दिवाळी सोडली तर फारसं कोणी फिरकत नाही, सर्व्हरचं भाडं मात्र बारा महिने चालू. म्हणून पानं आधीच एचटीएमएल करून ठेवावीत असं चाललंय. त्यासाठी नेक्स्ट या फ्रेमवर्कवर जाऊ की सरळ ॲस्ट्रोवर? दोघंही नोकरी सांभाळून करतोय, सगळं नव्यानं लिहायची ताकद नाही.

ह्युगोभक्त:
ह्युगो. गो भाषेतलं साइट बांधायचं साधन, नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) भानगडच नको. विषय संपला. 😀

टर्मिनलवाली:
ह्युगो वेगवान आहे, वादच नाही. पण यांची रिॲक्टची कंपोनंटं गो टेम्प्लेटमध्ये कोण लिहून देणार, तुम्ही?

पानचाळ्या, फ्रेमवर्क बदलू नका. रिॲक्ट राउटर ७ मध्ये फ्रेमवर्क मोड आहे, त्यात प्रीरेंडर (पानं आधीच एचटीएमएल करून ठेवणं) नावाचं सेटिंग आहे. त्याला पत्त्यांची यादी द्यायची किंवा यादी परत करणारं फंक्शन. बिल्डच्या वेळी ते फंक्शन डेटाबेसमधून सगळे अंक आणि लेखक काढेल, प्रत्येक पानाचा लोडर (त्याची माहिती आणणारं फंक्शन) तेव्हाच चालेल आणि तयार एचटीएमएल फाइल पडेल. एसएसआर (दर भेटीला सर्व्हरवर पान बनवणं) बंद ठेवा, म्हणजे नंतर नोडचा सर्व्हर लागत नाही. फाइल्स कुठल्याही फुकट होस्टिंगवर टाका. एपीआयसुद्धा मग फक्त बिल्डपुरता, तुमच्या लॅपटॉपवर चालला तरी पुरे.

प्रीव्ह्यूचं कारण साधं आहे. गूगलचा बॉट जावास्क्रिप्ट चालवतो, व्हॉट्सॲप चालवत नाही. त्याला प्रत्येक पत्त्यावर तीच रिकामी इंडेक्स फाइल मिळते. ओजी टॅग (प्रीव्ह्यूतलं नाव आणि चित्र सांगणारे) एचटीएमएलमध्येच आले की प्रश्न मिटला. चित्राचा पत्ता मात्र डोमेनसकट पूर्ण द्या.

खटपट्या:
+१. यादी करताना हात आखडता घ्या. अंक आणि लेखक ठीक, पण ‘वर्ष + विषय + प्रकाशक’ असे फिल्टर असतील तर त्यांच्या जोड्या प्रीरेंडर करू नका, आकडा लाखात जातो. सगळ्यांना सारखं दिसतं ते बिल्डमध्ये, बाकीचं ब्राउझरमध्ये.

आणखी एक हिशेब. राउटर ७ दर पानामागे एचटीएमएलबरोबर एक डेटा फाइलही काढतो. ९ हजारांच्या १८ हजार झाल्या. क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंगच्या फुकट प्लॅनची मर्यादा २० हजार फाइल्सची आहे. कथांना वेगळं पान हवंच का? अंकाच्या पानावर अनुक्रमणिका असतेच की.

पानचाळ्या:
हवंच हो! लेखक मंडळी स्वतःच्या कथेची लिंक ग्रुपवर टाकतात, निम्मी वर्दळ तिथूनच येते.

खटपट्या:
मग कथा ठेवा आणि ज्यांच्या नावावर एकच नोंद आहे अशा लेखकांची पानं गाळा. तसे खूप निघतील. ती पानं उघडली की ब्राउझर माहिती आणेल, त्यासाठी एक जेसन फाइल (साध्या मजकुरात मांडलेली माहिती) बास.

टर्मिनलवाली:
गाळलेल्या पानांच्या रूटवर (राउटरमधल्या त्यांच्या पत्त्याच्या नोंदीवर) लोडर ठेवू नका, ब्राउझरमध्ये चालणारा क्लायंट लोडर लिहा. एसएसआर बंद असताना प्रीरेंडर न होणाऱ्या रूटवरचा लोडर चालत नाही, बिल्डच तक्रार करतो. आणि मुखपृष्ठ प्रीरेंडर केलं की स्पा-फॉलबॅक नावाची वेगळी एचटीएमएल फाइल तयार होते. न सापडलेल्या पत्त्यांना तीच द्या असं होस्टिंगला सांगावं लागतं, नाहीतर गाळलेल्या लेखकांवर ४०४.

नुक्ताचीन:
पत्ते देवनागरीत ठेवणार असाल तर माझं ऐकाच. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळे मोजून. म्हणजे ८५ चिन्हं. दिवाळी अंकातल्या लेखांची शीर्षकं तुम्हाला माहीतच आहेत.

त्याहून वाईट म्हणजे ‘ऱ’. तो एका कोडनं लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता मिळूनही. ‘किनाऱ्यावर’ दोघांनी दोन कीबोर्डांवर टाइप केलं की डोळ्यांना एक, फाइलच्या नावांत दोन, आणि लिंक तुटलेली. एनएफसी नॉर्मलायझेशन (अशी दोन रूपं एकच करणारी युनिकोडची पद्धत) केलं की हे सुटतं. ‘ॲ’चं मात्र त्यानंही सुटत नाही: एकसंध ॲ आणि अ + चंद्र या युनिकोडच्या लेखी वेगळ्याच गोष्टी आहेत, तो बदल हातानं लिहावा लागतो. मी तर पत्त्यात सरळ नोंदीचा क्रमांक टाकतो. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर जाताना बऱ्याचदा टक्क्यांच्या (%) चिन्हांची माळ होऊन जातो, त्याचं कौतुक कोणाला?

टर्मिनलवाली:
क्रमांकाला माझंही मत. तारखांचंही बघा. बिल्ड सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतो, वाचकाचा ब्राउझर भारतीय वेळेवर. रात्री उशिराच्या नोंदीची तारीख दोन्हीकडे वेगळी येते आणि रिॲक्ट हायड्रेशनची (तयार एचटीएमएल ब्राउझरमध्ये जिवंत करण्याची) एरर देतो. तारीख छापताना टाइमझोन एशिया/कोलकाता असा स्पष्ट द्या. ‘दिवाळीला इतके दिवस उरले’ असलं काही असेल तर ते पान उघडल्यावरच मोजा, नाहीतर बिल्डच्या दिवशीचा आकडा तिथेच गोठून बसेल.

पानचाळ्या:
आहे, मुखपृष्ठावरच आहे. 🙈 राउटर ७ आणि क्रमांकाचे पत्ते नक्की. नवे अंक आले की दरवेळी सगळी पानं पुन्हा बांधायची का?

खटपट्या:
हो, सगळी. तुमचे अंक वर्षातून एकदा येतात, बातम्यांची साइट नाही ही. सीझनमध्ये गिटहब ॲक्शन्सवर (बिल्ड आपोआप चालवणारी सेवा) रोज पहाटेचं शेड्यूल लावा, एरवी हातानं चालवा. नेक्स्टचं आयएसआर (लागेल तसं एकेक पान नव्यानं बांधणं) वगैरे वाचून मोहात पडू नका, त्याला पुन्हा चालता सर्व्हर लागतो.

ह्युगोभक्त:
ह्युगोत हे सगळं… बरं, जाऊ दे. शोधाचं काय करणार आहात?

पानचाळ्या:
शोध सध्या एपीआयवर आहे. तोही काढायचा म्हणता?

टर्मिनलवाली:
पेजफाइंड बघा. बिल्ड झाल्यावर तयार एचटीएमएल वाचून तो सूची बनवतो आणि शोध ब्राउझरमध्येच चालतो. फक्त ‘पुण्याचा’ टाकल्यावर ‘पुणे’ सापडेल असं धरून चालू नका, आधी तुमच्या शंभरेक पानांवर चालवून बघा.