मदत हवी आहे: सुपरस्पोर्टवरून नेकेड स्ट्रीट बाइककडे वळतोय, गावाकडच्या रस्त्यांसाठी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात राहतो. घरी शेती आहे, कापूस, तूर, सोयाबीन. शिक्षण आटोपून नागपूरहून गावी आलो तेव्हा सोबत केटीएमची आरसी ३९० आणली, पहिल्या पिढीची, ३७३ सीसी. ही सुपरस्पोर्ट, म्हणजे रेसिंगच्या धर्तीची, पुढे झुकून चालवायची; नेकेड म्हणजे पुढचं आवरण (फेअरिंग) नसलेली, सरळ बसून चालवायची. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे आधी सांगतो. पांढरकवड्याच्या बाजूला ४४ नंबरच्या हायवेवर ती ज्या तऱ्हेने पळते त्याने आजही मन भरून येतं. बदलला आहे तो माझा वापर. आता रोज शेत, आठवड्याच्या बाजाराला दारव्हा, आणि आईला तपासणीसाठी यवतमाळला नेणं. हायवे क्वचितच लागतो.

बसण्याची ढब हा पहिला मुद्दा. क्लिप-ऑन हँडल (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना बसवलेले दोन वेगळे तुकडे) खाली आणि फूटरेस्ट मागे, त्यामुळे अंग पुढे झुकतं. ताशी १०० ला समोरचा वारा छातीला आधार देतो आणि मनगटं मोकळी राहतात. पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ५० ला तो १०० च्या मानाने फक्त चौथाई उरतो. आमच्याकडे ५० हाच चांगला वेग. मग सगळा भार तळहातांवर येतो, आणि त्याच तळहातांनी ब्रेक, क्लच, खड्डे सांभाळायचे. ही कोणत्याही सुपरस्पोर्टची गोष्ट आहे. त्या गाड्या ज्या वेगासाठी बनल्या तो वेग इथे मिळत नाही.

रस्त्यांबद्दल पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहितो. आमची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार पावसाळ्यांत जागोजागी खचतो, जागोजागी वर येतो. खड्डा दिसतो, चुकवता येतो. हा उंचसखलपणा वरून गुळगुळीत दिसतो आणि गाडी अचानक खाली बसते. सोयाबीन निघालं की अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं असतं, वेचणीच्या दिवसांत कापसाच्या बंड्या (बैलगाड्या), आणि शेताकडे वळलं की पांदण रस्ता. पांदणीत गाडी वळवायची म्हणजे सुपरस्पोर्टचं हँडल पुरतं फिरत नाही, मागेपुढे करत बसावं लागतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फेअरिंगच्या आतली गरम हवा थेट मांड्यांवर येते.

आणि आई. मागची सीट उंच आणि अरुंद, धरायला काही नाही. ती साडी नेसते, एका बाजूला पाय घेऊन बसते. तिला त्या सीटवर बसवून उंचसखल रस्त्यावरून नेताना माझं सगळं लक्ष मागे असतं. खरं सांगायचं तर गाडी बदलायचं मुख्य कारण हेच आहे.

आता माझी भीती. परतवाड्याकडून चिखलदऱ्याचा घाट चढताना पुढच्या चाकाखाली खडी आहे, ओल आहे की कोरडं डांबर, हे या गाडीवर तळहाताला कळतं. सरळ बसून चालवायच्या गाडीत ते हरवेल का? आरामासाठी गाडी घेतली आणि चालवण्याचा जीवच गेला, असं व्हायला नको आहे.

डोळ्यासमोर तीन गाड्या आहेत. केटीएमची नवी ३९० ड्यूक (३९९ सीसी, ४६ पीएस), ट्रायम्फ स्पीड ४०० (३९८ सीसी, ४० पीएस) आणि यामाहा एमटी-१५. इंजिनाची ताकद मला फार लागत नाही, पण खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, ओढ हवी, कारण बंडीमागून निघून पुढे जायचं असतं. कमी खर्चाचा एक मार्गही मिस्त्रीने सुचवला आहे: आहे त्याच गाडीचे क्लिप-ऑन काढून साधं, रुंद, एकसंध पाइप हँडल टाकायचं. हे कोणी केलं आहे का? आणि सुपरस्पोर्टवरून नेकेडवर आल्यावर चालवण्याच्या कोणत्या सवयी बदलाव्या लागतात? गावाकडे राहणाऱ्यांनी जरूर लिहा, शहरातला अनुभव मला इथे कमी उपयोगाचा आहे.

प्रतिसाद, वर्ध्याहून

दादा, सुपरस्पोर्टवरून नेकेडवर यायचा बदल मी केलेला आहे, म्हणून हँडलपासून सुरुवात करतो. पाइप हँडल टाकू नका. त्यासाठी वरचा टी (हँडल ज्यावर बसतं तो भाग) बदलावा लागतो, क्लच केबल आणि ब्रेकचा होस लांब लागतो, आणि पूर्ण वळवलं की हँडल फेअरिंगला भिडतं. एवढं करून फूटरेस्ट मागेच राहतात, म्हणजे वरचं अंग सरळ आणि पाय मागे दुमडलेले. पाठीला ते आणखी वाईट. शिवाय अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर मूळ रचनेतला बदल बघतो.

पुढच्या चाकाची जाणीव कमी होते, हे खरं आहे, कारण तुमच्या अंगाचं वजन पुढच्या चाकावरून मागे सरकतं. पण ती हरवत नाही, ती वेगळ्या ठिकाणाहून येते. सीटवरून आणि गुडघ्यांतून कळायला लागतं. रुंद हँडलला जोर कमी लागतो, त्यामुळे सुरुवातीला सवयीने ढकलाल तेवढ्यात गाडी जास्त झुकेल. हात सैल ठेवा, कोपर वाकलेलं, टाकी गुडघ्यांनी धरा. हायवेवर ९०-१०० च्या पुढे वारा छातीवर येतो, तेव्हा माणूस नकळत हँडलला लटकतो आणि तो ताण पुढच्या चाकात उतरून गाडी डुलू लागते. तिथे कमरेतून थोडं पुढे वाकायचं, हातांनी ओढून धरायचं नाही. माझी पाठ आणि मनगटं आज ठीक आहेत आणि घाटातली मजा तशीच आहे. वळणावळणाच्या, तुटक्या घाटात तर मी आता जास्त निर्धास्त चालवतो, कारण खडी दिसली की रुंद हँडलने रेषा लगेच बदलता येते.

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, एमटी-१५ ले कमी समजू नका. दीडशे किलोच्या आत गाडी आहे, पांदणीत चिखलातून एकट्या माणसाले काढता येते. मी तेच करून राहिलो. पण तुम्ही म्हणता तशी खालून ओढ तिच्यात नाही, १५५ सीसीचं इंजिन वर फिरवावं लागते. आईले मागं बसवून बंडी ओलांडायची तर एक गिअर खाली टाकाच लागते.

पैशाचंही पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला अन् त्याच्या वरच्यावर ४० टक्के. तुमच्या यादीतल्या दोन मोठ्या गाड्या वरच्या बाजूले पडतात. अन् पावसाळ्यात आपली माती पुढच्या मडगार्डात भरते, चाक फिरत नाही. नेकेडचा रेडिएटर उघडा असते, त्याच्यात चिखल वाळला तर इंजिन तापते. जाळीचा गार्ड लावा, अन् धुताना प्रेशरची धार रेडिएटरवर सरळ मारू नका, त्याच्या पातळ पत्र्या वाकतात.

प्रतिसाद, पांढरकवड्याहून

एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती माझ्या दृष्टीने आमच्या भागात सगळ्यात मोठी आहे. फेअरिंगवाल्या गाडीचा हेडलाइट फेअरिंगला बसवलेला असतो, हँडल वळलं तरी उजेड सरळच जातो. तुमच्या यादीतल्या नेकेड गाड्यांचा हेडलाइट हँडलबरोबर फिरतो. टिपेश्वरच्या बाजूने रात्री येताना रोही (नीलगायी) आणि रानडुकरं रस्त्यावर असतात. कमी वेगाच्या वळणावर उजेड वळणाच्या आत पडला की जनावर आधी दिसतं. वेगात हँडल फारसं वळत नाही, तिथे फरक पडत नाही, पण गावाच्या फाट्यांवर फार पडतो.

आईसाठी सीटची उंची बघा. स्पीड ४०० च्या २०२३ च्या मॉडेलात चालवणाऱ्याची सीट ७९० मिमी, ड्यूकची ८०० ते ८२०. तुमचे पाय टेकले की मागचं माणूस चढताना गाडी हलत नाही. दुसरीकडे ड्यूकच्या दोन्ही शॉकअपचा प्रवास १५० मिमी आहे, स्पीडचा पुढे १४० आणि मागे १३०. तुम्ही वर्णन केलेल्या खचलेल्या रस्त्यावर तो फरक आईच्या कमरेला जाणवेल. आई बसणार त्या दिवशी मागचा प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगचा ताण) वाढवायला विसरू नका. स्पीडचं सर्व्हिस अंतर १६,००० किमी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा कमी होतात, तो तिचा मोठा गुण.

जुनी गाडी विकताना मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका. दुसऱ्या आरटीओत जाणार असेल तर ना-हरकतीचा फॉर्म २८, कर्ज असेल तर बोजा उतरवायचा ३५. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही. विमा कंपनीकडून पत्र घ्या, नव्या पॉलिसीत चालतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. पाइप हँडलचा विचार सोडला. हेडलाइटचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, आणि रात्री ओलिताची पाळी असली की मी त्याच फाट्यांवरून शेतात जातो.

अकोल्याच्या दादांचं चिखलाबद्दलचं म्हणणं पटलं, पण आईला घेऊन जायचं तर मला खालून ओढ हवीच, म्हणून एमटी-१५ बाजूला ठेवतो. ४० टक्क्यांचा भार उचलावा लागेल. तूर विकल्यावर घेईन. आता ड्यूक आणि स्पीड, दोनच. टेस्ट राइड शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, खचलेल्या रस्त्यावर घ्यायची आहे, मागे आईला बसवून. शोरूमवाले तेवढं लांब नेऊ देत नाहीत. यवतमाळ, दारव्हा, नेर किंवा कारंजा भागात कोणाकडे या दोन्हींपैकी एखादी असेल तर कळवा. मी आईला घेऊन तुमच्याकडे येतो, ती मागच्या सीटवर बसून बघेल, पेट्रोल माझं. तिला साडीवर चढता-उतरता येतं का आणि धरायला हाताशी काय येतं, एवढं कळलं की माझा निर्णय होईल.