एमएफआय तोच, डेन्सिटी तीच, तरी कॅन तडकतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं ब्लो मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, ५ लिटरचे एचडीपीई (कडक पॉलिथिन प्लास्टिक) कॅन काढतो. किलोमागं थोडा स्वस्त पडतो म्हणून हल्ली दुसऱ्या सप्लायरचा दाणा घेतोय. रिपोर्टवर एमएफआय (वितळलेला माल किती वाहतो त्याचा आकडा) ०.३, डेन्सिटी ०.९५४. जुन्याचंही हेच.

पण पॅरिसन, म्हणजे मोल्डमध्ये फुगवायची वितळलेली नळी, डायमधून उतरला की मोल्ड मिटायच्या आत लोंबतो, वरची भिंत पातळ पडते. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे पाणी भरलेला कॅन ठणठणीत राहतो, लिक्विड सोपचा मात्र थप्पीत तळाच्या कोपऱ्याला केसासारखी चीर धरतो. तापमान, प्रेशर, कूलिंग सगळं जुनंच. रिग्राइंड (दळून परत वापरलेला भंगार माल) बंद केलं तरी तेच. सप्लायर म्हणतो, "रिपोर्ट बघा, माल सेम आहे." एक मित्र साखळ्यांच्या लांबीचं काहीतरी बोलला, डोक्यावरून गेलं. सप्लायरकडं नेमकं मागू काय?

उत्तर १:
एमएफआय म्हणजे १९०° सेल्सिअसला २.१६ किलो वजनाखाली १० मिनिटांत किती ग्रॅम उतरलं, बस. दाण्यातल्या साखळ्या, म्हणजे प्लास्टिकचे लांबलचक रेणू, कधीच एका मापाचे नसतात. तालमीतल्या पोरांचं सरासरी वजन सांगून कुस्तीची जोड लागते का? अगदी लांब साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून वितळलेला पॅरिसन स्वतःचं वजन पेलतो. थंड झाल्यावर त्याच साखळ्या एका स्फटिकातून शेजारच्यात शिरून दोन्ही बांधून ठेवतात. ताण असलेल्या जागी साबण नेमकी हीच बांधणी सोडवतो, आणि थप्पीचा ताण तुमच्या कोपऱ्यावरच येणार. नव्या दाण्यात लांबीचं वितरण अरुंद असावं असा माझा अंदाज: सरासरी तीच, पण लांब साखळ्या कमी. (इंजेक्शन मोल्डिंगच्या झाकणांना असा दाणा उलट बरा, वाकडेपणा कमी येतो.)

२१.६ किलोखालचा एमएफआय मागा आणि त्याला २.१६ वाल्यानं भागा. भागाकार मोठा तितकं वितरण रुंद. जुन्याचाही काढून शेजारी ठेवा. शिवाय ईएससीआर, म्हणजे साबणासारख्या द्रवात ताणाखाली माल तडकायला किती टिकतो तो आकडा, मागा, एएसटीएम डी१६९३ नं केलेला, आणि कुठल्या कंडिशनला ते लिहून घ्या. जीपीसीच्या (साखळ्यांच्या लांबीचं वितरण मोजणारी लॅब चाचणी) खर्चात एवढ्यात पडू नका.

धागाकर्ता:
आभार साहेब. जुन्या रिपोर्टात २१.६ चा रकाना आहे, नव्यात तो रकानाच नाही. आजच मेल टाकतो.

उत्तर २:
तोवर सोपच्या ऑर्डरीला जुनाच दाणा लावा. दोन्ही दाणे मिसळून बघायचा मोह आवरा, नंतर कुठला कॅन कशानं तडकला ते कळायचं नाही.