डीग्रॉमला सोडलं ते बरोबर होतं का?

एडिसनकर:
जुना वाद आहे, पण परवा गाडीत दोघा मित्रांची यावरून जुंपली म्हणून इथे काढतो. डिसेंबर 2022 मध्ये बेसबॉलमधला पिचर (चेंडू टाकणारा) जेकब डीग्रॉम न्यूयॉर्क मेट्स हा संघ सोडून टेक्सास रेंजर्सकडे गेला. पाच वर्षं, साडेअठरा कोटी डॉलर. आमच्याकडे न्यू जर्सीत सगळे मेट्सच्या नावाने बोटं मोडत होते. माझं म्हणणं तेव्हापासून एकच: जाऊ दिला ते उत्तम झालं.

त्याच्यासारखा पिचर मी पाहिलेला नाही, हे आधीच मान्य. 2021 चा ईआरए 1.08, म्हणजे नऊ इनिंगमागे जेमतेम एक रन दिला. पण सामने किती? 15. पुढच्या वर्षी 11. वय 34, कोपराचा तुटलेला लिगामेंट बदलण्याची टॉमी जॉन सर्जरी एकदा आधीच झालेली. आणि बेसबॉलचा करार गॅरंटीड असतो, माणूस पट्टी बांधून घरी बसला तरी पगार चालू. झालंही तसंच. 2023 मध्ये सहा सामने आणि पुन्हा तीच सर्जरी.

डॅलसकर:
गोष्ट सोयीच्या ठिकाणी थांबवलीत. 2025 चं कोण सांगणार? 30 सामने, 12 विजय, ईआरए 2.97. पाच वर्षांचा हिशेब दुसऱ्या वर्षीच मिटवायचा, ही कुठली पद्धत?

आणि मेट्सने शहाणपणा केला म्हणताय, तर त्याच आठवड्यात त्यांनी कोणाला घेतलं? पिचर जस्टिन व्हर्लँडर! पहिला हंगाम सुरू होईपर्यंत चाळिशी गाठणारा. दोन वर्षांचे 8 कोटी 67 लाख डॉलर, म्हणजे वर्षाला डीग्रॉमपेक्षा साठेक लाख जास्तच. दुखापतीची भीती होती म्हणून आणखी म्हातारा माणूस आणखी महागात घेतला. वा!

एडिसनकर:
वर्षाचा आकडा बघू नका, मुदत बघा. व्हर्लँडर नुकताच 1.75 च्या ईआरएवर साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकून आला होता आणि बांधिलकी दोनच वर्षांची. संघ गडगडल्यावर ऑगस्ट 2023 मध्ये त्याला ह्यूस्टनला परत पाठवून दोन तरुण खेळाडू पदरात पाडून घेतले. दोनदा सर्जरी झालेल्या, चार वर्षं करार उरलेल्या पिचरसाठी कोणी दारात उभं केलं असतं का?

डॅलसकर:
पदरात पाडून घेतले नाहीत, विकत घेतले. व्हर्लँडरच्या उरलेल्या पगाराचा मोठा भाग मेट्सचा मालक स्टीव्ह कोहेननेच भरला. पिचर मॅक्स शर्झरला आमच्याकडे, रेंजर्सकडे धाडलं तेव्हाही तेच. शर्झरने त्याच वर्षी आमच्या जर्सीत वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं विजेतेपद, जिंकली, आभारी आहोत. :)

खडूस_कोथरूड:
मी रात्री जागून नुसते हायलाइट बघणारा, तरी विचारतो. आयपीएलमध्ये पर्स संपली की विषय संपला. यांना मर्यादाच नाही का?

एडिसनकर:
मर्यादा नाही, दंड आहे. 2023 ला खेळाडूंच्या पगाराची बेरीज 23 कोटी 30 लाख डॉलरच्या वर गेली की लक्झरी टॅक्स. 29 कोटी 30 लाखांच्या वरच्या टप्प्याला तर लोक ‘कोहेन टॅक्स’च म्हणतात. मेट्सचा दर तिथे डॉलरमागे 90 सेंट होता. त्या वर्षी नुसता दंडच 10 कोटींच्या आसपास गेला.

डॅलसकर:
म्हणजे त्या टप्प्यावर प्रत्येक जादा डॉलर जवळपास दुप्पट भावाने पडला. एवढं करून हाती काय? 75 विजय, 87 पराभव.

मधुरा_क्वीन्स:
तुम्ही दोघंही एक्क्यांवरच (स्टार पिचरांवर) भांडताय. मला विचाराल तर मेट्सची खरी चूक म्हणजे पिचर ख्रिस बॅसिटला जाऊ देणं. त्याचं कोणी नावच घेत नाही, कारण तो ताशी 100 मैलांनी फेकत नाही. 2022 मध्ये तो मेट्ससाठी 30 सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरला. टोरंटोने तीन वर्षांसाठी 6 कोटी 30 लाखांत उचलला आणि 2023 मध्ये त्याने त्यांना 33 सामने आणि बरोबर 200 इनिंग दिल्या. इकडे जपानी पिचर कोडाई सेंगा आला, त्याचे 202 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) मी डोळे भरून पाहिले, त्याचा ‘घोस्ट फोर्क’ चेंडू खाली पडताना फलंदाज हवेतच बॅट फिरवायचे. पण जपानमध्ये आठवड्यातून एकदाच टाकायची सवय, म्हणून त्याला मधे एक दिवस जादा द्यावा लागायचा. तो दिवस भरायला रोज नवा कोणीतरी शोधा. अशा वेळी बॅसिटसारखा बिनबोभाट माणूस हवा असतो.

डॅलसकर:
बॅसिट? 2022 च्या शेवटी अटलांटात डिव्हिजन (गटातलं पहिलं स्थान) हातची गेली, तेव्हा तिसरा सामना कोण हरलं? नंतर सॅन डिएगोविरुद्ध निर्णायक सामना कोण हरलं?

मधुरा_क्वीन्स:
अटलांटातला पहिला डीग्रॉम हरला आणि दुसरा शर्झर, ते सांगायचं राहिलं वाटतं.

खडूस_कोथरूड:
आणि एडविन डियाझ? क्लोजरला (सामन्याच्या शेवटी येणाऱ्या पिचरला) पाच वर्षांचे 10 कोटी 20 लाख, आणि वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या स्पर्धेत जिंकल्याच्या आनंदात उड्या मारताना गुडघा गेला. 2023 चा अख्खा हंगाम घरी. वय, सर्जऱ्या, मुदत, सगळं तपासून घेतलं तरी त्याचं काय करणार?

एडिसनकर:
म्हणूनच म्हणतो, मुदत कमी ठेवा.

डॅलसकर:
कमी मुदतीला डीग्रॉम सही करत नव्हता हो. मेट्सकडचा हातातला पुढच्या वर्षाचा 3 कोटींचा करार सोडून तो बाहेर पडला होता. पाच वर्षं नाही तर राम राम, एवढाच पर्याय होता.

एडिसनकर:
मग राम राम.