बाबांसाठी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर: कोणता घ्यावा?

पारिजातक: बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे. बसल्या जागी रक्तातला ऑक्सिजन 86-87 टक्के दाखवतो. डॉक्टरांनी मिनिटाला 2 लिटरवर, दिवसाला किमान 15 तास लावायला सांगितलंय. बजेट बेताचं आहे. 5 लिटरचं (मिनिटाला 5 लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं) एकच मशीन, पोर्टेबल परवडणार नाही. कोणतं टिकतं?

रानवाट: पोर्टेबलच घ्या! आमचे काका खांद्याला अडकवून रोज फिरून येतात. माणूस खोलीत कोंडला की खचतो हो.

जुना_गडी: परवडणार नाही म्हटलंय त्यांनी. शिवाय बरीचशी पोर्टेबल फक्त श्वास आत घेताना झोत सोडतात. त्यावरचा 2 म्हणजे मिनिटाला 2 लिटर नव्हे.

मेघमाला: थेट 10 लिटरचं घ्या. आम्ही 5 चं घेतलं, वर्षाच्या आत पुन्हा खर्च.

स्वल्पविराम: 2 लिटरसाठी 10 चं कशाला? आवाज जास्त, वीजबिल जास्त. आणि सीओपीडीत 98 गाठायचं नसतं. साधारण 88 ते 92 पुरतं. जास्त दिला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखलं, गुंगी आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

रानवाट: काकांचं 97 असतं, ठणठणीत आहेत.

स्वल्पविराम: काकांना सीओपीडीच आहे का? दुसरा आजार असेल तर आकडा वेगळा असतो.

मशीनवाला: कंपनीपेक्षा शुद्धता बघा. कॉन्सन्ट्रेटर ऑक्सिजन बनवत नाही, आतला झिओलाइट (बारीक छिद्रांचे खडे) हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो. त्यात ओल गेली की शुद्धता घसरते, पण नळीतून झोत तेवढाच येत राहतो, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. शुद्धतेचा अलार्म असलेलंच घ्या. मीटर लावून 90 टक्क्यांच्या वर दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मला एका दुकानदाराने वापरलेलं मशीन नवं म्हणून दिलं होतं. किती तास चाललंय तो आकडा आधी बघा.

मेघमाला: वीज गेली तर? आमच्या इन्व्हर्टरवर मशीन चालेना. भरलेला सिलिंडर हवाच.

जुना_गडी: सिलिंडर हवाच. आणि शेगडी, सिगारेट लांब ठेवा. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, पाण्याचं जेल लावा.

पारिजातक: सगळ्यांचे आभार. तूर्त 5 लिटरचं भाड्याने घेतेय. बाबा नुकतेच दवाखान्यातून घरी आलेत. 2-3 महिन्यांनी डॉक्टर रक्तातले वायू पुन्हा तपासणार आहेत, कधी कधी गरज उरतही नाही म्हणाले. विकतचं तेव्हा बघू. सिलिंडर मात्र आजच सांगून ठेवला.

रानवाट: भाडं वाया जातं. पोर्टेबल एकदा बघाच.